डीक

कुडाळच्या एमआयडीसीत, शेड नंबर नऊ.
रात्रपाळीला केटलमध्ये चढतो काजूच्या टरफलांचा डीक,
काळा, दाट, काकवीसारखा.
काकवी समजून बोट चाटलं एकदा
कोल्हापूरहून आलेल्या फिटरनं.
आठ दिवस पेजेवर होता.

एकशे चाळीसच्या वर फेस येतो.
आम्ल आपलं ओझं टाकत असतं तेव्हा,
कार्बन डायऑक्साइड, बुडबुड्या-बुडबुड्यानं.
मी नोंदवहीत लिहितो : फेस ३.१०, शांत ४.२५.
मग निर्वात, मग वाफ,
मग कंडेन्सरच्या तोंडाशी पहिला थेंब
सुरंगीच्या कळीच्या रंगाचा.
कार्डनॉल.
झाकण उघडं राहिलं तर दिवस उजाडेपर्यंत
कोऱ्या चहासारखा लाल होतो.

आंदुर्ल्याच्या सर्वेशला फळ्यावर काढून दाखवतो :
हा षटकोन. या कोपऱ्यावर हायड्रॉक्सिल.
एक कोपरा सोडून पुढच्यावर शेपटी,
पंधरा कार्बनांची.
आठव्यापाशी वाकते, अकराव्यापाशी पुन्हा,
म्हणून रेणू एकमेकांना बिलगून बसत नाहीत,
म्हणून थंडीतही हा पातळ राहतो.
नुसत्या फिनॉलचं रेझिन तडकतं, सर्वेश,
शेपटी त्याला वाकायला शिकवते.
“उपयोग काय, सर?”
करूळचा घाट उतरणाऱ्या ट्रकच्या ब्रेकमध्ये
याचीच भुकटी तापत असते, म्हणालो.

शेपटीचं घराणं मोठं आहे.
आंब्याच्या देठाचा चीक त्यातला,
धोब्याच्या खुणेचा बिब्बा त्यातला,
तोच, जो लोक दुसऱ्यांच्या कामात घालतात.

हे फळ्यावर काढलं नाही :
येसूमावशी, वेंगुर्ल्याच्या कारखान्यात एकवीस वर्षं,
राख फासून बिया फोडणारी.
हातांची साल निघायची, नवी यायची, तीही निघायची.
आता रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नाही.
दुकानदार म्हणतो, पूस आणि परत लाव.
ती पुसते आणि परत लावते.
मी विचारलं तर म्हणाली,
“हातांचा काय घेऊन बसलंस,
आंबोळी परतूक येता मा?”

फेब्रुवारीत नवा माल जमला.
एका बाजूला कार्डनॉल, एका बाजूला डायअमाइन,
मध्ये फॉर्मल्डिहाइड.
मध्यस्थ पुढे शोधून सापडत नाही,
दोघांमध्ये आपला एक कार्बन ठेवून जातो,
आणि थोडं पाणी सुटतं.
इपॉक्सीत कालवला की ओल्या लाकडावरही घट्ट बसतो,
असं कागदावर होतं.

कागद इनासला चालत नाही.
देवबागला खाडीकाठी त्याची होडी आडवी पडलेली,
फळ्यांच्या सांध्यांत अजून ओल.
त्यानं डबा उघडला, वास घेतला आणि हसला.
“अरे, ह्यो तर डीक!
माझो पापा होडयेक हाच फासायचो.
तुमी शिकान सवरान परत हयच इलात?”
मी शेपटीबद्दल बोलायला लागलो.
त्यानं ब्रश मागितला.

भरती आली, सांधा पाण्याखाली गेला.
आम्ही माडाखाली बसून सोलकढी प्यालो,
त्याच्या बायकोनं खापी तळून दिली.
ओहोटीला उतरून इनासनं
डाव्या अंगठ्यानं सांधा दाबून पाहिला,
मग तासाभरानं परत दाबला, जरा उशिरा.
रेषा न् रेषा उतरली त्यात.
“पुसू काय?”
नको म्हणालो.

घरी जाताना वेंगुर्ल्यावरून गेलो नाही,
जवळचा रस्ता तो असूनही.
नोंदवहीत, रात्री :
नमुना सतरा. खारं पाणी, सात तास. टणक.
चिकटपणा थोडा शिल्लक होता.
शेरा : एक ठसा राहिला आहे.